कात्रजचा नळ ते स्वयंपाकघरातला नळ : पुण्याच्या पाण्याचे दोन प्रश्न

१/
अठराव्या शतकातल्या पुणेकरासमोर ‘नळ’ हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे तोटी येत नसे. त्याच्या लेखी नळ म्हणजे कात्रजच्या तळ्यापासून शहरापर्यंत जमिनीखालून आणलेला, दगड-चुन्यात बांधलेला पाण्याचा मार्ग. आज नळ म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली वीतभर तोटी. शब्द टिकला, पण त्याचा अर्थ कोसांवरून वितीवर आला. पुण्याच्या नागरी जीवनातला एक मोठा बदल या आकसण्यात दिसतो. हा थ्रेड त्याविषयी.

२/
दर पावसाळ्यात समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरतो : पेशव्यांच्या काळात विजेवाचून जे जमले, ते आज जमत नाही. यातले कौतुक अनाठायी नाही. मात्र ते अर्धेच आहे. त्याला उत्तर देणारे म्हणतात की हौद गेले, घरोघरी नळ आले आणि प्रश्न सुटला. तेही अर्धेच. दोन्ही बाजू पाणी कसे आले एवढेच सांगतात. ते कोणाला मिळाले आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला होता, हे दोन प्रश्न त्यात सुटून जातात.

३/
आधी बांधकाम. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९-५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या आंबील ओढ्यावर बांध घालून तळे करण्यात आले. तिथून भुयारी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. कात्रज उंचावर, शहर सखल भागात. या नैसर्गिक उताराचा नेमका उपयोग करून पाणी आपल्या गतीने वाहत शहरात येई. पाणी उपसण्याची गरजच नव्हती.

४/
माणसाला आत उतरून चालता यावे एवढी या नळाची उंची होती. ठरावीक अंतरावर ‘उच्छ्वास’ बांधलेले होते : जमिनीवर डोकावणारे, विहिरीसारखे उभे बांधकाम. त्यातून हवा खेळती राही आणि साफसफाईसाठी आत उतरता येई. गाळ खाली बसावा म्हणून खोलगट जागा ठेवलेल्या होत्या. म्हणजे ही व्यवस्था उभारणाऱ्यांनी देखभालीचा विचार बांधतानाच केला होता. जुन्या पुण्याकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट बहुधा हीच.

५/
पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने आणि सरदार रास्त्यांनी कोंढव्याच्या बाजूने स्वतंत्र नळ आणले. शहरात हे पाणी हौदांत उतरे. काळा हौद, नाना हौद, फडके हौद, साततोटी हौद, पंचहौद. यांतली काही नावे आज चौकांची आणि रिक्षावाल्याला सांगायच्या खुणांची नावे म्हणून उरली आहेत. फडके हौदाला उतरणाऱ्या कित्येकांना तिथला ‘हौद’ म्हणजे काय, हा प्रश्नही पडत नाही.

६/
हौदाचा एक गुण असा की त्यातले पाणी दिसते. पातळी खाली गेली की पेठेतल्या सगळ्यांना कळते. पाणी गढूळ आले तर वर कुठेतरी काही बिघडले आहे, हे सांगावे लागत नाही. उगमाशी काय चालले आहे, याची वार्ता हौद रोज शहरात आणून पोचवत असे. घरातली तोटी अशी वार्ता आणत नाही. ती एक तर वाहते, नाही तर कोरडी असते.

७/
इथवर कौतुक ठीक. आता दुसरी बाजू. हौद सार्वजनिक होते, परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दात सर्व जन नव्हते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना त्या पाण्याला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. कोणी दया येऊन वरून ओतील तेवढेच पाणी त्यांच्या वाट्याला येई. स्थापत्याचे गोडवे गाताना हा तपशील गाळला, तर उरते ती इतिहासाची सजावट.

८/
१८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या कृतीकडे बहुधा समाजसुधारणेचा प्रसंग म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण तो शहराच्या पाण्याच्या इतिहासातलाही प्रसंग आहे. पाणी शहरात आणणे हे निम्मे काम असते. ते शहरातल्या प्रत्येकापर्यंत पोचवणे हे उरलेले निम्मे, आणि ते गवंडीकामाने होत नाही, हे त्या हौदाने पुण्याला दाखवले.

९/
फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी १८८० मध्ये, अकाली गेलेल्या आपल्या काशीबाई या मुलीच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. पुण्यात तो ‘बाहुलीचा हौद’ म्हणून ओळखला जातो. एका बापाच्या दुःखाला सर्वांसाठीच्या पाण्याचे रूप मिळाले. घोले रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावामागचा हा हौद ठाऊक असेल?

१०/
पाण्याला लागलेली शिवाशीव किती चिवट होती, हे १८९० च्या ‘पंचहौद मिशन’ प्रकरणात दिसते. मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा ठेवण्यात आला आणि त्यावरून शहरात मोठे वादळ उठले. त्या मंडळींत टिळक होते, रानडेही होते. प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ गाजला. ज्या जागेचे नावच पाच हौदांवरून पडले होते, तिथल्या पेलाभर चहाने शहर ढवळून निघाले!

११/
दरम्यान शहराच्या नैऋत्येला दुसरे युग सुरू झाले होते. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्याचे कर्ते अभियंता कर्नल फाइफ. त्यांच्याच नावावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे याच धरणावर बसवले गेले. धरणाच्या भिंतीची उंची न वाढवता पाण्याचा साठा वाढला. कालव्याचे आणि पुढे जलवाहिन्यांचे पाणी आले, तसे हौद हळूहळू मागे पडले.

१२/
या नव्या पाण्याने एक मोठी गोष्ट केली. जलवाहिनीला जात कळत नाही. घरात आलेल्या नळावर कोण हात ठेवतो, हे पाहायला चौकात कोणी उभे राहू शकत नाही. हौदाच्या कट्ट्यावरची पहारेदारी घरगुती नळाने बरीचशी निरर्थक केली. म्हणून हौदांच्या काळाकडे नुसत्या हळहळीने पाहणे अन्यायाचे आहे. मात्र घरात नळ कोणाच्या आला आणि कोणाच्या नाही, ही नवी विषमता त्याच वेळी सुरू झाली.

१३/
सार्वजनिक पाण्याचा हा प्रश्न एकट्या पुण्याचा नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचे जाहीरही केले. तरी प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. न्यायालयीन लढा त्यानंतर दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात सुटला.

१४/
महाडचा धडा स्पष्ट आहे. ठराव कागदावर होता, तळे गावात होते, पालिकेची संमतीही होती. तरीही माणसे स्वतः जाऊन उभी राहीपर्यंत ते पाणी सार्वजनिक झाले नाही. इथे पहिला प्रश्न, म्हणजे पाणी कोणाला मिळते हा, दुसऱ्याला येऊन भिडतो : पाण्याविषयी, पर्यायाने शहराविषयी, बोलायचे कोणी?

१५/
त्यासाठी पुन्हा पुण्याकडे, पुन्हा फुल्यांकडे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव पालिकेपुढे आला, तेव्हा ही रक्कम शिक्षणावर खर्च करावी, अशी त्यांची भूमिका होती. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या फुल्यांचे पडले.

१६/
ठराव अर्थातच मंजूर झाला. मग त्या एका मताचा उपयोग काय? उपयोग हा की शहराचा पैसा कशावर खर्च व्हावा, यावर मतभेद असू शकतो ही गोष्ट त्या सभागृहात नोंदली गेली. १८६८ चा हौद आणि पालिकेतले ते एकटे मत या एकाच विचाराच्या दोन कृती आहेत. हौदाने पाणी वाटले, मताने निर्णयात वाटा मागितला.

१७/
ही परंपरा फुल्यांपाशी थांबली नाही. टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून आले. गोखले १९०२ पासून काही वर्षे तिचे अध्यक्ष होते. परस्परांशी क्वचितच जुळणाऱ्या या माणसांना गटारे, पाणी आणि रस्ते हे आपल्या योग्यतेचे विषय वाटले. राष्ट्राचे राजकारण आणि मोरीचे पाणी यांत त्यांनी उच्च-नीच भाव ठेवला नाही. आजच्या पिढीला नगरपालिकेचे राजकारण क्षुल्लक वाटते, तेव्हा हे आठवावे.

१८/
१२ जुलै १९६१. पानशेतचे अपुरे धरण सकाळी फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले. पूर ओसरल्यावर शहरात पाणी सर्वत्र होऊन गेले होते, फक्त नळाला नव्हते, कारण नळ ज्या धरणावर अवलंबून होता ते धरणच उरले नव्हते. त्या दिवसांत लोक वाड्यांतल्या विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे वळले. मोडीत काढलेली व्यवस्था संकटात कामाला आली.

१९/
त्यानंतर शहराने धरणे पुन्हा बांधली, आणखी बांधली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर : या साखळीचा एकूण साठा सुमारे २९ टीएमसी. त्यासाठी खोऱ्यांतली गावे उठली. याच पाण्यावर खाली दौंड-इंदापूरची शेती उभी आहे. पुण्यात तोटी किती वेळ उघडी राहते, याचा संबंध इंदापूरच्या शेतकऱ्याच्या आवर्तनाशी असतो. पण तोटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो दिसण्याची सोयच राहिलेली नाही.

२०/
शब्दांचा आणखी एक प्रवास. आंबील ओढा पूर्वी पेठांच्या वस्तीतून वाहत असे. नानासाहेबांच्या काळात तो पर्वतीजवळून वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. ते तळे पुढे गेले. आज तिथे सारसबाग आहे आणि ‘तळ्यातला गणपती’ या नावापुरते तळे उरले आहे. ओढ्याचेही तेच. बोलण्यात आणि कागदोपत्री ‘ओढा’ मागे पडला, ‘नाला’ पुढे आला. ओढ्याला पात्र असते, काठ असतो, पावसाळ्यात पसरायला जागा लागते. नाल्याला भिंती घातल्या आणि वर झाकण टाकले की काम भागते, असा समज असतो.

२१/
त्या समजाची किंमत किती? २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांत पाणी शिरले. जवळपास एका वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाने आंबील ओढ्याला पूर आला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी. ज्या ओढ्याने एके काळी शहराला पाणी पाजले, त्याचे पात्र किती रुंद होते हे शहर विसरले होते. ओढा विसरला नव्हता.

२२/
आणि जानेवारी २०२५. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. हा भाग खडकवासल्याच्या अगदी पायथ्याशी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. नकाशावर ती शहर झाली, शुद्ध पाण्याची व्यवस्था मात्र त्या वेगाने पोचली नाही. धरण डोळ्यांसमोर आणि दारात टँकर, अशी तिथली स्थिती. पहिला प्रश्न, पाणी कोणाला मिळते, १८६८ मध्ये संपला नव्हता. आज त्याने पत्ता बदलला आहे.

२३/
दुसऱ्या प्रश्नाची अवस्था काय? मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात बत्तीसांतले एक विरोधी मत सोडाच, मत द्यायला सभागृहच नव्हते. याविरुद्ध शहरात मोठा उद्रेक झाला का? झाला नाही. तोटीला पाणी येत होते, तोवर अनेकांना काही हरवल्यासारखे वाटलेच नाही.

२४/
आजच्या पर्यावरणपूरक निवडींची चर्चा बहुधा तोटीपासून सुरू होते आणि तोटीपाशीच संपते. शॉवरऐवजी बादली वापरा. पेला अर्धाच भरा. गाडी पाइपने धुऊ नका. हे सारे करावेच. त्यात उपहासाचे काही नाही. पण घरातल्या माणसाने दोन बादल्या वाचवल्या म्हणून ओढ्याचे पात्र रुंद होत नाही, किरकटवाडीत शुद्धीकरण केंद्र उभे राहत नाही आणि मुठेत मिसळणारे सांडपाणी थांबत नाही. ती कामे सार्वजनिक निर्णयाने होतात. वैयक्तिक सद्‌गुण हा नागरिकत्वाला पर्याय मानला, की नळाचा आकसलेला अर्थच पक्का होतो.

२५/
यावर एक रास्त आक्षेप आहे. दिवसभर नोकरी, दोन तास वाहतुकीत. सामान्य माणसाने कालव्यांचे नकाशे कधी वाचायचे? हे काम तज्ज्ञांचे आणि निवडून दिलेल्यांचे नाही का? आहेच. परंतु तज्ज्ञांना प्रश्न विचारणारे कोणी नसले, तर त्यांची उत्तरे सोयीची होतात. महाडला चालत गेलेली माणसेही पोटापाण्याच्या विवंचनेतूनच आलेली होती. वेळ कोणापाशीच नव्हता.

२६/
शिवाय दारे अगदीच बंद नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून प्रभाग समित्यांना घटनात्मक आधार मिळाला. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून आपल्या प्रभागातली कामे सुचवून घेते आणि ती अंदाजपत्रकात घेण्याची तरतूद आहे. तिथे पदपथ आणि बाके सुचवली जातात, तशी ओढ्याच्या काठाची, जुन्या हौदाच्या दुरुस्तीचीही सुचवता येतील. व्यवस्था अपुरी आहे, हे खरे. पण न वापरल्याने ती पुरेशी होणार नाही.

२७/
इतिहासाची आवड असणाऱ्यांना यात एक खास काम आहे. आंबील ओढ्याचे जुने पात्र कुठून जात होते, कोणता उच्छ्वास कोणत्या सोसायटीच्या आवारात दडला आहे, कोणत्या हौदावर आज टपरी आहे, हे जुने नकाशे आणि पायपीट यांतूनच कळते. ही माहिती छायाचित्र काढून मिरवण्यापुरती नाही. ओढ्यालगत बांधकामाची परवानगी मागितली जाते, तेव्हा हरकत नोंदवण्यासाठी नेमकी हीच माहिती लागते. इतिहासाचा विद्यार्थी हा अशा वेळी शहराचा साक्षीदार असतो.

२८/
तेव्हा पुढच्या पावसाळ्यात पेशवेकालीन जलव्यवस्थेच्या कौतुकाचा मजकूर पुन्हा येईल, तेव्हा तो जरूर वाचावा, आवडला तर पुढेही पाठवावा. सोबत दोन प्रश्न जोडावेत. त्या हौदावर कोणाला पाणी भरता येत नव्हते? आणि आज आपल्या प्रभागात, पाण्याविषयीचा शेवटचा निर्णय कोणी, कोणत्या सभेत घेतला? पहिल्याचे उत्तर ग्रंथालयात मिळेल. दुसऱ्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात जावे लागेल. ते कार्यालय बहुतेकांच्या घरापासून कात्रजच्या तळ्यापेक्षा पुष्कळ जवळ आहे.

(समाप्त)